भागधारक आणि कारभारी



काही दिवसांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर आपल्या युवक मंडळाची बैठक होती. विषय होता 'पैसा आणि सद्सद्विवेकबुद्धी'. एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने विचारले, "फादर, मी दरमहा हजार रुपये म्युच्युअल फंडात टाकतो. त्यात पाप नाही ना? आणि माझ्यासाठी ते पाप नसेल, तर मंत्र्यांनी, आमदारांनी शेअर्स घेतले म्हणून लोक नावे का ठेवतात?" आम्ही काही बोलण्यापूर्वीच मागे बसलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "अरे बाळा, शेअर कुणाकडं नाही? माझ्याकडं पण हाय की, कारखान्याचा!" सगळे हसले आणि बैठक संपली. त्या तरुणाला मात्र उत्तर मिळाले नाही. ते देण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. कष्टाच्या कमाईतून बचत करणे आणि ती प्रामाणिक उद्योगात गुंतवणे हे पाप नाही. खाजगी मालमत्ता असावी हे ख्रिस्तसभेने नेहमीच मान्य केले आहे. त्या मालमत्तेवर गरजवंताचाही हक्क असतो, एवढी आठवण ती सोबत करून देते. दुसरा प्रश्न अवघड आहे. ज्याच्या सहीने कारखान्याचे भवितव्य बदलते, त्याने त्या कारखान्यात स्वतःचा हिस्सा ठेवावा काय?

आमच्या भागातील शेअर

मुंबईत शेअर म्हटले की दलाल स्ट्रीट आठवते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत शेअर म्हटले की आधी साखर कारखाना आठवतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा श्री छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा हे सारे सहकारी. शेटफळगढेचा बारामती अ‍ॅग्रो खाजगी. वालचंदनगर तर साखरेच्या उद्योगातूनच वसलेले गाव. आपल्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबांचे घर या ना त्या रीतीने उसावर चालते. कुणाची दोन एकर लागण आहे, कुणी कारखान्यात फिटर आहे, कुणाचा ट्रॅक्टर वाहतुकीला लागतो, तर कुणाचे नातेवाईक कोयता घेऊन तोडीला येतात.

सहकारी कारखान्याचा शेअर आणि कंपनीचा शेअर यांत एक मूलभूत फरक आहे. कंपनीत ज्याचे शेअर अधिक, त्याची मते अधिक. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार सहकारी संस्थेत सभासदाकडे कितीही शेअर असोत, त्याला मत एकच. कंपनीचा शेअर आज घेऊन उद्या विकता येतो. कारखान्याचा शेअर शेतकरी आपला ऊस गाळला जावा म्हणून घेतो आणि बहुधा मुलाच्या नावावर करूनच डोळे मिटतो. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा ही कल्पना नवी होती. ऊस पिकवणारानेच गिरणीचा मालक व्हावे, व्यापाऱ्याच्या दारात उभे राहू नये, हा त्यामागचा विचार होता. त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ हे अर्थशास्त्राचे अभ्यासक होते, कुठल्या खात्याचे मंत्री नव्हते, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे काय झाले ते आपण सर्व जाणतो. कारखान्याची निवडणूक ही विधानसभेची पहिली पायरी झाली. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील २००९ ते २०१४ या काळात राज्याचे सहकारमंत्री होते, आणि तालुक्यातील कर्मयोगी व नीरा-भीमा हे दोन्ही कारखाने त्यांच्या नेतृत्वाखालचे मानले जात. जून २०२५ मध्ये माळेगाव कारखान्याची निवडणूक झाली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजितदादा पवार स्वतः 'ब' वर्गातून उभे राहिले. त्यांच्या नीळकंठेश्वर पॅनेलने २१ पैकी २० जागा जिंकल्या आणि ते कारखान्याचे अध्यक्ष झाले. २८ जानेवारी २०२६ रोजी बारामतीतच विमान अपघातात त्यांचे निधन झाले. प्रभू त्यांच्या आत्म्यास शांती देवो. निवडणूक रीतसर झाली होती, सभासदांनी स्वखुशीने मते दिली होती. आम्ही कुणावर आरोप करीत नाही, आणि गेलेल्या माणसाचा न्याय करणे हे आमचे काम नव्हे. आमचा प्रश्न त्या खुर्चीविषयी आहे. माणसे येतात आणि जातात. खुर्ची तशीच राहते, आणि उद्या तिच्यावर कोण बसेल हे आपण ठरवणार असतो.

बाजूने काय म्हणता येईल?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक जुना वाद शिकवला होता. प्लेटो म्हणतो की, राज्याचे रक्षण करणाऱ्यांकडे खाजगी मालमत्ता असूच नये. घर, जमीन, सोने हाती आले की ते रखवालदार न राहता घरमालक आणि शेतमालक होतील, आणि ज्यांचे रक्षण करायचे त्यांचेच वैरी बनतील. त्याचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल याला हे पटले नाही. जे सर्वांचे असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते, असे तो सांगतो. आपले म्हणून ज्याला काही आहे, तोच नीट लक्ष घालतो.

या वादात आमच्या भागातील बहुतेक लोक, नकळत का होईना, अ‍ॅरिस्टॉटलच्या बाजूचे आहेत. ज्याच्या रानात ऊस नाही त्याला उसाचे दुखणे काय कळणार, असे आपण म्हणतो. आमदाराचा स्वतःचा ऊस कारखान्याला जातो म्हणूनच तो दरासाठी भांडतो. मंत्रीच अध्यक्ष असला तर कर्जाची हमी लवकर मिळते, आसवनी प्रकल्पाची परवानगी अडत नाही, रस्ते होतात. हे म्हणणे खोटे नाही. बारामतीने विकास पाहिला आहे, आणि तो पाहिलेल्या माणसाला 'हितसंबंधांचा संघर्ष' हा शब्द पुस्तकी वाटला तर त्यात नवल नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी या वादात मधला मार्ग दाखवला. मिळवणे आणि सांभाळणे यासाठी खाजगी मालमत्ता योग्यच आहे, कारण माणूस स्वतःच्या वस्तूची निगा अधिक राखतो. मात्र तिचा उपयोग करताना ती जणू सर्वांचीच आहे असे मानून गरजवंताला द्यायला तयार असावे. आणि कायद्याविषयी ते म्हणतात की, तो सर्वांच्या हितासाठी असतो. एकाच्या हितासाठी केलेला कायदा हा कायद्याच्या नावाला पात्र होत नाही. ही दोन तत्त्वे एकत्र ठेवली की आपला प्रश्न नीट मांडता येतो. माणूस म्हणून पुढाऱ्याला मालमत्तेचा हक्क आहे. कायदा करणारा म्हणून त्याला स्वतःसाठी कायदा करण्याचा हक्क नाही. हे दोन्ही एकाच माणसाच्या ठायी आले तर काय करायचे?

सही किती वजनाची असते?

साखर हा धंदा इतर धंद्यांसारखा नाही. त्याच्या प्रत्येक टप्प्यावर सरकारची सही लागते. उसाचा किमान दर म्हणजे एफआरपी केंद्र सरकार ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला. साखरेचा किमान विक्रीदर २०१८ साली किलोला २९ रुपये ठरवला गेला आणि २०१९ साली ३१ रुपये झाला. दोन कारखान्यांत किती अंतर हवे, गाळपाचा परवाना कुणाला द्यायचा, कर्जाला हमी द्यायची की नाही, हे सारे सरकारदरबारी ठरते.

एक उदाहरण घेऊ. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंदी घातली. त्या बातमीने शेअर बाजारात साखर कंपन्यांचे भाव कोसळले. आठवडाभरात बंदी काहीशी शिथिल झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी ती उठवण्यात आली. आता कल्पना करा, असा आदेश निघणार हे एखाद्या मंत्र्याला किंवा खासदाराला दोन दिवस आधी ठाऊक आहे आणि त्याच्याकडे साखर कंपनीचे शेअर आहेत. त्याने ते विकले, तर विकत घेणारा कोण असेल? कदाचित आपल्या युवक मंडळातील तो तरुण, ज्याचे दरमहाचे हजार रुपये त्याच बाजारात जातात. अशा व्यवहाराला सेबीचे नियम मज्जाव करतात. परंतु मनातली माहिती सिद्ध करणे फार कठीण असते.

दुसरे उदाहरण शेतकऱ्याच्या अधिक जवळचे आहे. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत; उशीर झाला तर १५ टक्के व्याज. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय काढला आणि एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्या निर्णयामागे कुणाचा स्वार्थ होता असे आम्ही म्हणणार नाही. कारखान्यांची आर्थिक ओढाताण खरी असते. पण पैसे एकरकमी द्यावेत की हप्त्याने, या प्रश्नात कारखाना एका बाजूला आणि ऊस घालणारा दुसऱ्या बाजूला असतो. असा निर्णय घेणाऱ्या सभागृहात कारखान्याच्या गादीवर बसलेली माणसे मोठ्या संख्येने असतील, तर निर्णय योग्य असला तरी तो योग्य आहे हे शेतकऱ्याला पटणार कसे?

दोन दारे, एकच घर

घरभेटीच्या वेळी ऐकलेली एक हकीकत त्या बांधवाच्या परवानगीने, गाव आणि कारखाना न सांगता, येथे देतो. त्याचा दीड एकर ऊस. कारखान्याच्या निवडणुकीत तो विरोधी पॅनेलच्या एका बैठकीला गेला होता. त्या हंगामात त्याच्या नंतर लागण केलेल्या शेजाऱ्याचा ऊस तुटला, याचा तसाच उभा राहिला. पुढे त्याला तुरे आले, वजन घटले. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी हातउसने पैसे काढावे लागले. आम्ही विचारले, "मुद्दाम केलं असेल का?" तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, "फादर, मला सांगता येत नाही. त्या वर्षी टोळ्याच कमी होत्या, हे पण खरं. पण विचारू कुणाला? कारखान्यात गेलो तर तिथं त्यांचीच माणसं. वर पुढाऱ्याच्या दारात जावं, तर कारखाना पण त्यांचाच."

आम्हाला वाटते, आपल्या प्रश्नाचे मर्म या उत्तरात आहे. त्याच्यावर अन्याय झाला की नाही हे आम्हाला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही. कदाचित शेतकी खात्याचा तो अधिकारी अगदी निर्दोष असेल. पण आपण निर्दोष आहोत हे तोही दाखवून देऊ शकत नाही. दाद मागण्याची दोन दारे त्या बांधवाला दिसत होती आणि दोन्ही एकाच घरात उघडत होती. स्वतःच्या खटल्यात कुणी न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे फार जुने तत्त्व आहे. न्यायाधीश वाईट असतो म्हणून ते तत्त्व केलेले नाही. चांगला न्यायाधीशही अशा जागी बसला की त्याचा चांगुलपणा कुणाला दिसेनासा होतो, आणि हरलेल्या माणसाच्या मनातील शंका आयुष्यभर जात नाही.

म्हणून 'अमुक पुढाऱ्याने एक पैसाही खाल्ला नाही' हे उत्तर पुरेसे ठरत नाही. पैसा खाणे हे वेगळे पाप आहे. येथे प्रश्न विश्वासाचा आहे, आणि विश्वास हे सर्वांच्या मालकीचे धन आहे. ते एकाच्या सोयीसाठी खर्च करता येत नाही.

पवित्र शास्त्र काय शिकवते?

शमुवेल संदेष्ट्याची गोष्ट आपण जाणतो. म्हातारपणी तो सर्व लोकांसमोर उभा राहिला आणि त्याने विचारले की, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचे गाढव घेतले, कुणाकडून लाच घेतली, ते सांगा. लोकांनी साक्ष दिली की त्याने कुणाचे काहीही घेतले नाही. लोकप्रतिनिधीने आपल्या मालमत्तेचा हिशोब चारचौघांत द्यावा, याचे इतके जुने उदाहरण क्वचितच सापडेल. परंतु त्याच पुस्तकात थोडे आधी दुसरी गोष्ट आहे. शमुवेलाने आपल्या मुलांना न्यायाधीश नेमले आणि ती मुले बापाच्या वाटेने न जाता धनलोभाच्या मागे लागली. लोक चिडले, आणि त्यांनी राजाच मागून घेतला. बापाचे हात स्वच्छ होते, तरी मुलांच्या व्यवहारामुळे सारी व्यवस्था कोसळली. घराण्याचा प्रश्न आजचा नाही.

दुसरी साक्ष संत पौलाची. यरुशलेमच्या गरिबांसाठी त्याने ठिकठिकाणच्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली. ती रक्कम तो एकटा नेऊ शकला असता. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी कुणाला शंका होती? तरीही मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने सोबत घेतली. त्याने कारणही लिहून ठेवले आहे : प्रभूच्या दृष्टीने तर नीट वागायचेच, पण माणसांच्या दृष्टीनेही ते नीट दिसले पाहिजे. 'माझे मन साफ आहे, देव जाणतो' एवढ्यावर प्रेषितसुद्धा थांबला नाही.

कायदा कोठपर्यंत येतो?

आपल्या देशात आमदार-खासदारांनी शेअर्स बाळगण्यास बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असणाऱ्यांची मालमत्ता जाहीर करावी लागते. त्यात शेअर्सही येतात. कमावता मुलगा, सून, पुतण्या त्यात येत नाहीत. मंत्र्यांसाठी केंद्राची आचारसंहिता आहे. पद घेण्यापूर्वी धंद्याच्या कारभाराशी असलेला संबंध तोडावा, असे ती सांगते. मात्र मालकी सोडण्याची सक्ती करीत नाही. सरकारला माल किंवा सेवा पुरवणाऱ्या धंद्याची मालकी तेवढी सोडायला सांगते. ही संहिता आहे, कायदा नाही. आणि लोकप्रतिनिधी कायदा १९५१ चे कलम १० पाहा. ज्या कंपनीत सरकारचे २५ टक्के किंवा अधिक भांडवल आहे, तिचा व्यवस्थापक वा सचिव असणारा माणूस निवडणुकीला अपात्र ठरतो. पण त्याच वाक्यात सहकारी संस्थांना सूट दिली आहे. सहकार म्हणजे लोकांची चळवळ, हा विश्वास त्या सुटीमागे असावा. त्या विश्वासाला आपण किती जागलो, हे ज्याने त्याने मनाला विचारावे.

विरोधाभास असा की, केंद्र सरकारच्या साध्या कारकुनाला १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार शेअर्सचा सट्टा करता येत नाही; वारंवार खरेदी-विक्री केली तर तोही सट्टाच समजला जातो. आपल्या धर्मग्रामातील टपाल व रेल्वे खात्यातील मंडळींना अशा नियमांची सवय आहे. जो नियम फाइल नेणाऱ्याला लागू, तो फाइलवर सही करणाऱ्याला लागू नसावा काय? अमेरिकेतही हा वाद चालू आहे. तेथे २०१२ साली कायदा झाला आणि काँग्रेस सदस्यांना शेअर्सचे व्यवहार ४५ दिवसांच्या आत जाहीर करणे बंधनकारक झाले.

आपल्या इतिहासातही धडे आहेत. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाचे पैसे हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये गुंतवल्याचे प्रकरण फिरोज गांधी यांनी संसदेत मांडले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना जावे लागले. १९९२ च्या रोखे घोटाळ्याच्या वेळी केंद्रीय वाणिज्य राज्यमंत्री पी. चिदंबरम यांनी फेअरग्रोथ या कंपनीतील गुंतवणुकीवरून राजीनामा दिला. कायद्याने हाकलण्यापूर्वी पदावरून उठणे हीही एक परंपरा होती.

आधी आपले अंगण

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढण्यापूर्वी आम्ही धर्मगुरूंनी स्वतःकडे पाहिले पाहिजे. ख्रिस्तसभेच्या कायद्यात याविषयी स्पष्ट तरतुदी आहेत. वरिष्ठांच्या परवानगीवाचून धर्मगुरूने व्यापार-धंदा करू नये (कलम २८६). महागुरूंच्या चौथ्या अंशापर्यंतच्या नातेवाइकांना धर्मप्रांताच्या वित्त समितीत घेता येत नाही (कलम ४९२). ख्रिस्तसभेची मालमत्ता तिच्या कारभाऱ्यांना किंवा त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना विकायची वा भाड्याने द्यायची असेल, तर किरकोळ बाब वगळता, विशेष लेखी परवानगी लागते (कलम १२९८). पोप फ्रान्सिस यांनी एप्रिल २०२१ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. करचुकव्यांना आश्रय देणाऱ्या देशांतील कंपन्यांत किंवा ख्रिस्तसभेच्या शिकवणीविरुद्ध चालणाऱ्या धंद्यांत व्हॅटिकनच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी हिस्सा ठेवू नये, आणि ४० युरोंपेक्षा मोठी भेट कुणी घेऊ नये, असा नियम त्यांनी केला.

हे नियम आम्ही अभिमानाने सांगत नाही. ते करावे लागले, कारण चुका झाल्या होत्या. लंडनमधील एका इमारतीत गुंतवलेल्या पैशांच्या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या न्यायालयाने एका कार्डिनलांनाही शिक्षा सुनावली. त्या निकालाविरुद्ध अपील झाले. पवित्र पाण्याने हात धुतलेल्यांनाही नियमांची गरज असते, एवढे यातून शिकावे. आम्ही स्वतःही एकदा, पूर्वीच्या एका धर्मग्रामात, कुंपणाच्या भिंतीचे काम समितीतील एका सभासदाच्या भावाला दिले होते. काम चांगले झाले, दरही वाजवी होता. तरी दोन कुटुंबे वर्षभर आमच्याशी नीट बोलत नव्हती. तेव्हा आम्हाला राग आला होता. आज वाटते, चूक आमची होती. तीन दरपत्रके मागवून सूचनाफलकावर लावली असती, तर त्या भावाचाही मान राहिला असता.

मग आमचे मत काय?

प्लेटोचे म्हणणे आम्हाला पूर्णपणे मान्य नाही. पुढाऱ्याने शेतीही ठेवू नये, सभासदही असू नये, असे म्हटले तर राजकारण फक्त दोन प्रकारच्या लोकांसाठी उरेल : ज्यांना काही मिळवायचेच नाही असे संत, आणि ज्यांनी सारे दुसऱ्यांच्या नावावर ठेवले आहे असे चतुर. दुसऱ्या प्रकारचे लोक संख्येने अधिक असतात.

म्हणून आम्ही तीन गोष्टी वेगळ्या करतो. पहिली, पोटापाण्याचा शेअर. ज्याचा ऊस आहे त्याने सभासद असावे, मग तो आमदार का असेना. त्या शेअरने त्याला एकच मत मिळते आणि त्याचे हित त्याच्या शेजाऱ्याच्या हिताबरोबरच वाढते किंवा घटते. दुसरी, नफ्याचा शेअर. ज्या कंपनीचा भाव आपल्या निर्णयाने वरखाली होतो, तिचे शेअर मंत्री, आमदार, खासदार यांनी पदावर असेपर्यंत बाळगू नयेत. बचत करायचीच असेल तर ती अशा सर्वसाधारण फंडात ठेवावी, जेथे कोणते शेअर घ्यायचे हे ते स्वतः ठरवीत नाहीत. घरातल्यांनाही हाच नियम हवा आणि तो प्रतिज्ञापत्रात दिसला पाहिजे. तिसरी, खुर्ची. सभासद असणे वेगळे आणि अध्यक्ष असणे वेगळे. जो मंत्रिमंडळात बसून कारखान्यांविषयी निर्णय घेतो, त्याने त्या काळात कारखान्याच्या अध्यक्षपदावर बसू नये. यात त्याची बदनामी नाही. उलट, उद्या त्याने कारखान्यांच्या बाजूने निर्णय घेतला तरी कुणी बोट दाखवू शकणार नाही.

कुणी म्हणेल, खुर्ची सोडली तरी सूत्रे त्याच्याच हाती राहतील. खरे आहे. नियमाने मन बदलत नाही. पण आपल्या त्या बांधवाला निदान एक दुसरे दार मिळेल, आणि त्या दारामागे बसलेल्या माणसाला 'हा माझा कारखाना नाही' असे म्हणण्याची सोय राहील.

आणखी एका वर्गाची आठवण ठेवू या. ऊसतोड कामगाराकडे कारखान्याचा शेअर नसतो. त्याच्या मजुरीची बोलणी साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात होतात. तडजोड करणारा मोठा माणूस स्वतःच कारखानदार असेल, तर त्या कोयत्याच्या बाजूने तराजू कोण धरणार? ज्यांचा कशातच हिस्सा नाही, त्यांचा हिस्सा सांभाळण्यासाठीच तर सरकार असते.

शेवटी बोट आपल्याकडेही वळते. एकाच माणसाने दोन्ही खुर्च्यांवर बसावे, हे अनेकदा आपल्यालाच हवे असते, कारण त्यामुळे आपले काम लवकर होते. काम लवकर होण्याची किंमत दुसरा कुणीतरी, उभा ऊस पाहत बसलेला, मोजत असतो. एका दासाला दोन धन्यांची सेवा करता येत नाही, असे प्रभू येशूने शिकवले. त्या दासाला दोन धन्यांकडे चाकरीला ठेवणारेही आपणच असू, तर त्याचा जाब आपल्यालाही द्यावा लागेल.

पुढच्या निवडणुकीआधी उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे जरूर वाचा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ती सर्वांसाठी खुली असतात. ज्यांना जमत नाही त्यांना युवक मंडळाने मदत करावी. आणि आपल्या धर्मग्रामाचा जमाखर्च सभागृहाजवळच्या फलकावर आम्ही या महिन्यापासून लावीत आहोत. वाचा, शंका असेल तर विचारा. विचारल्याचा आम्हाला राग येणार नाही. आला तर तेही सांगा.

प्रभू आपल्या राज्यकर्त्यांना शहाणपण देवो, आणि आपल्यालाही.

आपले धर्मगुरू